पालेभाजीचा मान

पालेभाजी स्वस्त, म्हणून तिच्याकडे आमचें दुर्लक्ष होतें; आणि त्या दुर्लक्षानें तिचें सत्त्व मोरींतून वाहून जातें. नेहमींची रीत पाहा: भाजी बारीक चिरावयाची, मग पाण्यांत घोळावयाची, शिजवून पिळावयाची आणि तें हिरवें पाणी ओतून द्यावयाचें. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें व उष्णतेनें नासतें. त्याचा मोठा भाग ताटापर्यंत पोंचतच नाहीं.

आमची सूचना साधी आहे. भाजी निवडून आधीं दोनतीन पाण्यांनीं धुवावी व फोडणीच्या वेळींच चिरावी. मेथी, माठ स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात. चाकवताचें पाणी त्याच पातळ भाजींत घ्यावें. वाढतांना लिंबू पिळावें, म्हणजे पाल्यांतील लोह अंगीं अधिक लागतें. अळूंत सुयांसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनीं घसा खवखवतो. म्हणून तें पुरतें शिजवून त्यांत चिंच वा चुका घालावा, हें आमच्या आज्यांस शास्त्र न वाचतांहि ठाऊक होतें.

एक गोष्ट मात्र पाकशास्त्राच्या पुस्तकांत सहसा नसते. अजूनहि पुष्कळ घरांत रांधणारी सर्वांमागून जेवते, आणि तिच्या पानांत कढईच्या कडेला उरलेलें येतें. वास्तविक पाळी व बाळंतपण यांमुळें लोहाची गरज पुरुषांहून तिलाच अधिक! वाचकबंधूंनो, उद्यांपासून तिची वाटी आधीं काढून ठेवाल काय?