व्यसनी माणसाला रुग्ण मानणारी डॉक्टर

बुधवार पेठेच्या बाजारपेठेत एखाद्या पेढीवरील मुलाचे दुकानात येणे अनियमित होते, गल्ल्यातील हिशेब जुळेनासा होतो आणि घरात कुजबुज सुरू होते. मात्र ही कुजबुज उंबरठ्याबाहेर जाऊ दिली जात नाही. मुलीचे लग्न, बाजारातील पत, नातेवाइकांचे बोलणे या साऱ्यांचा विचार करून दोन-चार वर्षे सहज निघून जातात. सप्तव्यसनांत मद्याचे नाव लहानपणीच कानी पडलेल्या घरांत तर ही लाज अधिकच जड होते. अशा घरांना नदीपलीकडील येरवड्याची वाट दाखविणाऱ्या डॉ. अनिता अवचट, म्हणजेच सुनंदा, यांची कारकीर्द म्हणूनच समजून घ्यावी अशी आहे.

सुनंदाबाई मनोविकारतज्ज्ञ. वैद्यकीय शिक्षणाच्या काळात अनिल अवचट यांच्याशी ओळख झाली आणि पुढे विवाह. अनिलरावांनी डॉक्टरी सोडून लेखन व सामाजिक कार्य पत्करले, तेव्हा घराचा आर्थिक भार सुनंदाबाईंनी उचलला; मुक्ता आणि यशोदा या मुलींचे संगोपन बव्हंशी वडिलांनी केले. त्या काळाच्या मानाने ही वाटणी धाडसाचीच होती. सुनंदाबाईंची नोकरी येरवड्याच्या मनोरुग्णालयात होती.

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शहरांतील तरुणांपर्यंत पोहोचले. अनिलरावांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले आणि त्याचा खरा भार सुनंदाबाईंवर आला.

त्यांची पद्धत मनोरुग्णालयातील चालीरीतीपेक्षा वेगळी होती. गर्द सुटताना पहिले काही दिवस अंग मोडून येते, झोप लागत नाही, नाक-डोळे वाहतात. त्यावर औषध आहे आणि हा काळ साधारण आठवड्यात ओसरतो. खरे काम त्यानंतरचे! खोटे बोलण्याची सवय, घरच्यांचा उडालेला विश्वास, रिकामा पडलेला दिवस यांवर औषधाची गोळी नाही. म्हणून मुक्कामाचा काळ पस्तीस दिवसांचा ठरला. त्यात समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम आणि श्रम आले. मारहाणीला व अपमानाला तेथे थारा नव्हता. व्यसनमुक्त झालेल्यांनाच पुढे कार्यकर्ते म्हणून घडविणे, हा बाईंचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणावा लागेल. चोरी करून पैसे कसे उभे केले जातात, हे ज्याने स्वतः केले आहे त्याच्यापुढे नवा रुग्ण फार काळ बहाणे करू शकत नाही.

कुटुंबही उपचारात सामील हवे, हा त्यांचा आग्रह होता. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट याच विचारातून उभा राहिला. मुलाचे कर्ज गुपचूप फेडणारे वडील आणि पतीच्या गैरहजेरीला आजारपणाचे कारण देणारी पत्नी हे प्रेमानेच वागत असतात, पण त्याने व्यसनाचे आयुष्य वाढते. व्यापारी कुटुंबांना हे पचविणे विशेष अवघड, कारण तेथे देणे फेडणे हाच धर्म मानला जातो.

पुढे सुनंदाबाईंना कर्करोगाने गाठले. आजारपणातही त्यांनी कार्यकर्त्यांची फळी तयार करणे चालू ठेवले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे संस्थेची धुरा उचलली. कालांतराने व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभागही सुरू झाला. पुरुषाचे व्यसन घर झाकून ठेवते. स्त्रीचे तर ते मान्यच करीत नाही, त्यामुळे या विभागाच्या दारापर्यंत येणाऱ्या स्त्रीला दुप्पट अंतर चालून यावे लागते.