वह्या गेल्या, नजर राहिली

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ जर्मेन तिलियाँ यांचं नाव निघालं की आधी नाझीविरोधी लढ्याची गोष्ट सांगितली जाते, संशोधन नंतर. हा क्रम उलटा लावायला हवा. १९३४ ते १९४० दरम्यान त्या अल्जीरियातल्या ऑरेसच्या डोंगरांत शाविया लोकांमध्ये वरचेवर जाऊन राहिल्या. सोयरीक कोणाची कोणाशी, जमीन कोणाकडे, वैर कशावरून, याची टिपणं त्या काढत. परक्या समाजात कोणाच्या शब्दाला वजन आहे हे ओळखण्याची ही सवय पुढे नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये कामी आली. म्युझे द लोम या मानववंश संग्रहालयाभोवती जमलेल्या गटांपैकी एकात त्या होत्या. २३ फेब्रुवारी १९४२ रोजी या गटांचे एक प्रमुख बोरिस विल्दे यांच्यासह सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधीच्या अटकसत्रापासून उरलेल्यांची सूत्रं तिलियाँ यांच्याकडे आली होती. ऑगस्टमध्ये एका पाद्र्याच्या फितुरीने त्याही पकडल्या गेल्या.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांना रावेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत नेलं. सोबतचा ऑरेसवरचा प्रबंध आणि टिपणं तिथेच गहाळ झाली. कित्येक वर्षांची कागदावरची स्मृती पुसली गेली. मग त्यांनी छावणीलाच अभ्यासाचा विषय केलं. आपल्या मजुरीवर एसएस ही नाझी संघटना कसा नफा कमावते, हे त्यांनी कैदी बायकांना चोरून उलगडून सांगितलं. अधिकाऱ्यांची नावं पाककृतींच्या आड सांकेतिक लिपीत टिपली. वैद्यकीय प्रयोगांत चिरलेल्या पोलिश कैदी स्त्रियांच्या पायांचे फोटो असलेलं, न धुतलेलं रीळ त्यांनी सुटकेपर्यंत अंगावर सांभाळलं.

त्यांना नेत्या म्हणावं का, असा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. ‘म्युझे द लोम जाळं’ हे नावसुद्धा युद्धानंतर सरकारी नोंदीसाठी त्यांनीच दिलं. प्रत्यक्षात ते सुटे गट होते. पण एकाला दुसऱ्याचं नाव कळू नये अशा कामात माणसांचे दुवे जपणारी व्यक्ती म्हणजेच नेता. हुकूम सोडणारा तिथे फार टिकत नाही. आठवणीवरच्या साक्षीत चुका राहतात, हा दुसरा आक्षेप. त्या स्वतःही तो मानत असाव्यात, कारण १९४६ चं ‘रावेन्सब्रुक’ त्यांनी १९७३ आणि १९८८ मध्ये नव्याने लिहून काढलं. ज्या छावणीत मार्च १९४५ मध्ये आईची हत्या झाली, तिच्याबद्दल लिहितानाही त्या आकडे पुन्हा तपासत राहिल्या. ऑरेसवरचं पुस्तक मात्र आठवणी आणि उरलेसुरले कागद जुळवून, थेट २००० साली, नव्वदी उलटल्यावर आलं.