शंभर दाण्यांचं गणित

गव्हाचे 100 दाणे तयार व्हायला अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे मायोसिस, किती वेळा व्हावं लागेल? बारावीच्या आणि ‘नीट’च्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो. उत्तर 125. क्लासमध्ये सूत्रही मिळतं: दाण्यांची संख्या अधिक तिचा चौथा हिस्सा. सूत्राने गुण मिळतात. पण गव्हाच्या फुलात काय घडतं ते न पाहताच मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात, याचं वाईट वाटतं.

गव्हाच्या फुलात तीन परागकोश असतात. तिथली एक मातृपेशी विभागली की चार पेशी होतात आणि चारही पेशींचे परागकण बनतात. म्हणून 100 परागकणांना 25 विभाजनं पुरतात. बीजांडातला हिशेब वेगळा. तिथेही एकीच्या चार होतात, पण तिघी मरून जातात. उरलेल्या एकीचं केंद्रक लागोपाठ तीन वेळा दुभागतं, आठ केंद्रकांचा भ्रूणकोष बनतो आणि एवढ्या खटाटोपातून अंडपेशी मिळते ती एकच. 100 दाण्यांना 100 अंडपेशी, म्हणजे 100 विभाजनं. अधिक 25.

खरी गंमत पुढे आहे. परागकणातून दोन नरपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून अंकुर होतो. दुसरी भ्रूणकोषाच्या मधल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवून दिलं. भ्रूणपोषात त्यामुळे गुणसूत्रांचे तीन संच येतात. आपल्या नेहमीच्या चपातीच्या गव्हाच्या मुळातल्या पेशीत 42 गुणसूत्रं, नरपेशीत 21, तर भ्रूणपोषात 63. दाणा दाताखाली फोडला की आत जो पांढरा पिठूळ भाग दिसतो, तो हाच.

आता खपली ही गव्हाची जात घ्या. तिच्या मुळाच्या पेशीत 28 गुणसूत्रं, म्हणून भ्रूणपोषात 42. साध्या गव्हाच्या मुळातही 42 च! आकडा तोच, पण इथे 14 चे तीन संच आणि तिथे 21 चे दोन. नुसतं सूत्र घोकणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

ज्वारीच्या मुळातल्या पेशीत 20 गुणसूत्रं असतात. तिच्या 40 दाण्यांना किती विभाजनं लागतील आणि भ्रूणपोषात किती गुणसूत्रं असतील, हे सूत्र बाजूला ठेवून, फुलाचं चित्र काढून सोडवा. उत्तरं 50 आणि 30 यायला हवीत.