मूल सांगत नाही, म्हणून आपण पाहावे

महोत्सवाच्या अंकात शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या दोन डोळ्यांनी मूल शिकते, त्यांचा विचार घरोघर उशिराच होतो. दात दुखला तर मूल रडते, कान दुखला तर सारे घर जागवते. नजर मात्र न दुखता कमी होते. ज्याला लहानपणापासून धूसरच दिसते, त्याला जग असेच असते असे वाटते. तेव्हा मूल तक्रार करीत नाही म्हणजे त्याचे डोळे चांगले, हा समज खरा नव्हे.

आपल्या सीमाभागात ही गोष्ट आणखी झाकली जाते. येथील मुलास देवनागरी, कानडी आणि रोमन अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात. काही घरांत उर्दू ही चौथी. फळ्यावरील कानडी अक्षरे मुलाने चुकीची उतरवली की ‘भाषा कच्ची’ म्हणून आपण मोकळे होतो. पण तेच मूल पुस्तक जवळ धरून नीट वाचत असेल आणि फळ्यावरचे उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावत असेल, तर दोष भाषेचा नसून नजरेचा असू शकतो. शिकवणी लावण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत.

मुलांच्या नजरेचे दोन दोष पालकांनी विशेष ओळखावेत. पहिला ‘आळशी डोळा’. डोळा जन्मतःच मिळतो, पण पाहणे मेंदूस शिकावे लागते. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून बराच अधिक असला, किंवा एक डोळा तिरळा असला, तर मेंदू चांगल्या डोळ्याचेच चित्र घेतो व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. पुढे चष्मा दिला तरी त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा कोवळ्या वयात बंद ठेवला, तेव्हा तो पुढे उघडूनही मेंदू त्याची दखल घेत नाही असे आढळले. दृष्टीविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरील उपाय साधा आहे. योग्य चष्मा द्यावयाचा आणि डॉक्टर सांगतील तितके तास चांगला डोळा पट्टीने झाकून आळशी डोळ्यास कामाला लावावयाचे. सात-आठ वर्षांच्या आत हे केल्यास गुण चांगला येतो; वय वाढते तसा तो कमी होत जातो. म्हणूनच ‘मोठेपणी तिरळेपणा आपोआप जाईल’ असे म्हणत थांबू नये.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. भिंतीवरची दिनदर्शिका दहा फुटांवरून मुलास वाचावयास सांगावी. अक्षरओळख नसेल तर चित्रे दाखवावीत. प्रथम एक डोळा तळव्याने, न दाबता, झाकावा, मग दुसरा. एका डोळ्याने वाचता आले आणि दुसऱ्याने अडले, किंवा एकच डोळा झाकताना मूल कुरकुरू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र एक दिवसही दवडू नये. तो क्वचित कर्करोगही असतो.

दुसरा दोष म्हणजे लांबचे न दिसणे. जन्मतः डोळ्याच्या गोलाची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, मोठेपणी सुमारे २४. तो प्रमाणाबाहेर लांबला की चित्र पडद्याच्या अलीकडेच पडते. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांस शाळेत रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर ठेवून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत त्या शाळांतील शंभरापैकी सुमारे ३० मुलांस हा दोष जडला, इतर शाळांत सुमारे ४० मुलांस. म्हणजे अंगणात, मैदानात, दिवसाच्या उजेडात खेळणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. ते डोळ्यांचे पथ्यच होय. मोबाइल हाती घेऊन कोपऱ्यात बसलेल्या मुलास बाहेर पाठवावे.

चष्म्याने नंबर वाढतो, हा समजही सोडून द्यावा. नंबर वाढतो तो डोळा वाढत असल्यामुळे. मुलीस चष्मा लागला की काही घरी तो लपविला जातो, ‘पुढे लग्नाचे कसे?’ या चिंतेने. चष्म्यावाचून तिचे शिक्षण अडले, तर ते नुकसान कोणते स्थळ भरून देईल?

घरातील दोन वस्तूंविषयी सांगणे आवश्यक आहे. काही सुरम्यांत व काजळांत शिसे असते. ते मुलांच्या डोळ्यांत घालू नये. पानाचा चुना मुलांच्या हाती लागू देऊ नये. पुडी फुटून तो डोळ्यांत उडाला तर बुबुळ भाजते. अशा वेळी दुसरे काही न घालता स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे धरावी व तडक रुग्णालय गाठावे.

सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांच्या नजरेची तपासणी विनामूल्य होते. इतर शाळांतील मुलांची व्यवस्था आपणच केली पाहिजे. तीन-चार वर्षांच्या वयात एकदा, शाळेत घालताना दुसऱ्यांदा आणि मग दरवर्षी, इतका नेम पुरे. आपली संस्था शिक्षणास मदत करते, तेव्हा शाळेत प्रथम जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे डोळे तपासले जातील एवढे तिने पाहावे, ही सभासदांस विनंती. पाटी-पुस्तकाइतकीच ती शिक्षणाची तयारी आहे.