गल्लीतून फिरताना

मे महिना लागला की आम्हा मराठी शाळेच्या शिक्षकांचे पाय गल्ल्यांकडे वळतात. पहिलीचा पट भरायचा असतो. काखेत वही मारून ऊन तापण्याच्या आत दोन गल्ल्या संपवायच्या, हा नेम. या पायपिटीने आम्हास बेळगाव जेवढे कळले, तेवढे पाठ्यपुस्तक शिकवून कळले नाही.

शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथल्या जुन्या माणसाच्या बोलण्यात ‘आम्ही शहापूरकर’ ही ऐट अजून डोकावते. पुढे खासबाग-वडगावात माणूस दिसण्याआधी मागाची खटखट कानी येते. या विणकर घरांतून चुलीपाशी कन्नड, गल्लीत मराठी आणि बाजारात समोरच्याची असेल ती भाषा, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला आहे. कुणाला अडचण झाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. वडगाव, अनगोळ नावाला शहरात. पण परड्यात म्हैस आणि भाताच्या गवताची गंजी अजून दिसते. वाचकहो, आपल्या गावाहून ते फार वेगळे नाही. कट्ट्यावरची आजी ‘कुठं चाललासा गुरुजी?’ म्हणते आणि उत्तराआधी पाण्याचा तांब्या पुढे करते.

टिळकवाडीत रस्ते रुंद, आंब्यांची सावली दाट. 1924 चे काँग्रेस अधिवेशन इथलेच. गांधीजी अध्यक्ष होते. काँग्रेस रोड हे नाव त्याचीच आठवण. मात्र फाटक बंद असते, कुत्रे आधी भुंकते आणि विचारणा फाटकावरूनच होते. वहीत इथे आमचे पान सहसा कोरेच राहते.

दुकानांच्या पाट्याही वाचतो, मास्तरकीची खोड! 2024 च्या कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचे झाले. कुठे मराठी ओळ बारीक होऊन कोपऱ्यात गेली, कुठे पुसलीच. आत ‘काय पाहिजे मावशी?’ मात्र मराठीतच चालू आहे.

आमच्या जिवाला लागते ते वेगळेच. परवा एका गल्लीत घरभर मराठी, दारात तुळस, भिंतीवर शिवाजी महाराज. आणि कोपऱ्यावर इंग्रजी शाळेची बस थांबते. ‘मराठीत शिकून नोकरी कोण देणार, सर?’ मुलाच्या आईने विचारले. समितीच्या बैठकीत आम्ही या प्रश्नावर तासभर बोलतो. तिथे टाळ्या वाजवणाऱ्या कित्येकांची मुले त्याच बसने गेली. आमचाही धाकटा गेला, हे कबूल केले पाहिजे. त्या बाईंपुढे म्हणूनच आमचा आवाज चढेना.

निघताना तिची सासू म्हणाली, ‘थोरल्याचं झालं. धाकटीला पाठवूया की. नाव लिवून घ्या.’

सुनेने मान हलवली, होय की नाही ते कळले नाही. आम्ही नाव लिहिले, पण पेन्सिलीने.