जंतनाशकाच्या मात्रा कमी का झाल्या?
(पशुचिकित्सा विभागाविषयी एक निवेदन)



अहवाल वर्षाचे खर्चाचे विवरण पाहताना दोन बाबी आपल्या ध्यानी येतील. घोडे, तट्टे, गाढवे व खेचरे यांना दिलेल्या जंतनाशकाच्या मात्रा मागील वर्षांच्या मानाने कमी आहेत; आणि सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या व तत्सम साहित्याचा खर्च मात्र नव्याने दिसत आहे. मात्रा घटल्या म्हणजे सेवा घटली, असा समज होणे स्वाभाविक आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकडा वाढला की कार्य वाढले, असेच आम्हीही वर्षानुवर्षे मानीत आलो. तो समज कसा चुकीचा होता, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

वाशी परिसरात ही जनावरे हौसेची नाहीत. वीटभट्टीवरील गाढव, मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू, वरातीचा घोडा यांतील एकेका जनावरावर एकेका कुटुंबाची चूल अवलंबून असते. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार, तर गाढवे अवघी सव्वा लाखाच्या आसपास उरली आहेत. असे जनावर पोटशुळाने एका रात्रीत गेले, तर त्या घरात दुसरे लवकर येत नाही.

जुनी पद्धत व तिचे मूळ

पूर्वी आपण दर तीन महिन्यांनी शिबिर घेत असू व आलेल्या प्रत्येक जनावरास अंदाजाने सारखीच मात्रा देत असू. या पद्धतीचे मूळ अमेरिकेतील ड्रज व लायन्स या संशोधकांनी १९६६ साली केलेल्या शिफारशीत आहे. मोठ्या स्ट्राँगाइल जंतांची पिल्ले आतड्याच्या रोहिण्यांत शिरून प्राणघातक पोटशूळ उत्पन्न करीत. म्हणून दर दोन महिन्यांनी औषध द्यावे, असे त्यांनी सुचविले. त्या काळी ते योग्यच होते व मोठे जंत त्यामुळे पुष्कळ आटोक्यात आले. परंतु वारंवार तेच औषध मिळाल्याने लहान स्ट्राँगाइल जंतांत औषधाला न जुमानणारे तेवढे टिकले व त्यांचीच प्रजा वाढली. आज फेनबेंडाझोलच्या गटातील औषधांना लहान जंतांचा प्रतिकार जगभर आढळतो, आणि शिंगरांतील गोल जंत अनेक देशांत आयव्हरमेक्टिनलाही दाद देत नाहीत. घोड्यांसाठी जंतनाशकांचे गट मोजकेच आहेत; असलेले निकामी झाले, तर हाताशी दुसरे साधन राहणार नाही.

आधी लीद, मग औषध

एकाच कळपातील सर्व जनावरे सारखी जंतग्रस्त नसतात. साधारणतः पाचांतील एखादे जनावरच बहुतांश अंडी लिदीवाटे बाहेर टाकीत असते. ते ओळखण्यासाठी ताजी लीद मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवितात. जंतांची अंडी वर तरंगतात व मॅकमास्टर काचपट्टीवर ती मोजता येतात. प्रौढ जनावरात एका ग्रॅम लिदीत २०० पेक्षा कमी अंडी असल्यास भार अल्प, २०० ते ५०० असल्यास मध्यम व ५०० च्या वर असल्यास अधिक मानतात. अल्प भाराच्या जनावरास त्या वेळी औषध न देणे हा निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या पोटातील औषधाला बळी पडू शकणारे जंत जिवंत राहिल्याने प्रतिकारक जंतांचे प्रमाण वाढत नाही.

या तपासणीस मर्यादाही आहेत. आतड्याच्या अस्तरात दडलेली पिल्ले व बहुधा फीतकृमीही तिच्यात दिसत नाहीत. म्हणून अंडी आढळली नाहीत तरी आजारी जनावरास पशुवैद्यकांनी प्रत्यक्ष पाहणे आवश्यकच असते.

आता अनुसरलेले वेळापत्रक

१. मृग लागताना व पावसाळा सरताना अशी वर्षातून दोनदा लीद तपासणी. आपल्याकडील पाऊस मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या ओलाव्यात अंडी फुटून पिल्ले गवतावर चढतात. भट्ट्या बंद असल्याने गाढवेही याच दिवसांत मोकळी चरतात.

२. पावसाळ्याअखेर प्रत्येक प्रौढ जनावरास एकदा आयव्हरमेक्टिन व फीतकृमीसाठी प्राझिक्वांटेल. अधिक भार आढळलेल्या जनावरासच त्याखेरीज आणखी मात्रा.

३. उन्हाळ्यातील सरसकट शिबिर बंद. वैशाखाच्या उन्हात कुरणातील पिल्ले बहुतांशी करपून जातात. अशा वेळी सर्वांना औषध दिल्यास पोटात तगून राहिलेले प्रतिकारक जंतच पुढील पावसाळ्याचे बी ठरतात.

४. शिंगरांचा विचार स्वतंत्र. दोन-तीन महिन्यांच्या वयात गोल जंतांसाठी फेनबेंडाझोल व दूध तोडण्याच्या सुमारास पुन्हा तपासणी. मॉक्सिडेक्टिन लहान शिंगरास व अतिकृश जनावरास देऊ नये.

५. माळेगाव, मढी किंवा जेजुरीच्या बाजारातून आणलेले जनावर आधी वेगळे बांधून, तपासून, मगच कळपात सोडावे. गाढवाच्या फुफ्फुसातील जंत गाढवास फारसा त्रास न देता सोबत चरणाऱ्या घोड्यास खोकला लावतात, हेही लक्षात असावे.

मात्रा किती, व लागू पडली का?

डोळ्यांच्या अंदाजाने दिलेली मात्रा बहुधा कमी पडते, आणि अपुरी मात्रा प्रतिकारास पोसते. घोड्याच्या छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८० (मापे सेंटिमीटरमध्ये) असे केल्यास वजन किलोत मिळते. घेर १५० व लांबी १३० असल्यास वजन सुमारे २४६ किलो भरते, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणाने आयव्हरमेक्टिन सुमारे ४९ मिलिग्रॅम लागते. गाढवासाठी सूत्र निराळे आहे. गाई-म्हशींचे इंजेक्शन घोड्यास टोचू नये. औषध तोंडावाटेच द्यावे.

औषध दिल्यावर १४ दिवसांनी पुन्हा अंडी मोजतात. फेनबेंडाझोलनंतर घट ९० टक्क्यांहून कमी किंवा आयव्हरमेक्टिननंतर ९५ टक्क्यांहून कमी असल्यास प्रतिकाराची शंका घेतात. औषधाची निवड पशुवैद्यकांनीच करावयाची आहे. आमचे काम नोंदवहीत प्रत्येक जनावराचे वजन, औषध व दोन्ही वेळची मोजणी यांचे रकाने चोख ठेवण्याचे आहे.

नम्र विनंती

पशुपालक बांधवांनी त्याच दिवशीची, सकाळची मूठभर लीद स्वच्छ पिशवीत, उन्हात न ठेवता आणावी. तपासणीअंती औषध नको असे सांगितले गेल्यास रिकाम्या हाताने परतलो असे मानू नये. गोठ्यातील लीद रोज उचलून उकिरड्यात कुजवावी. या उपायाला पैसा लागत नाही आणि याला प्रतिकार करणारा जंतही नाही. देणगीदारांस विनंती, की आपल्या देणगीचे मोल वाटलेल्या मात्रांवरून न करता, गरजेच्या वेळी औषध लागू पडले की नाही यावरून करावे. यापुढील अहवालांत तोच आकडा आम्ही आपणांपुढे ठेवू.



प्रशासक, रुग्णालय कार्यालय, वाशी