कित्तूरचं एक्स्चेंज

बेळगावहून धारवाडकडे जाताना वाटेत राणी चन्नम्माचं कित्तूर लागतं. तिथला किल्ला बघायला लोक थांबतात. मला मात्र त्या गावाचं अप्रूप आणखी एका गोष्टीसाठी आहे. १९८६ साली सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे ‘रॅक्स’, तिथे सुरू झालं.

खेड्यात फोन का नव्हता? तारा ओढणं महाग होतंच. पण आणखी एक नड होती, उष्णतेची. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजला थंड, धूळ नसलेली खोली लागे. जिथे विजेचाच भरवसा नाही, तिथे एसी चालणार कशावर? १९८४ मध्ये दूरसंचार अभियंता सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट उभी राहिली. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी खोली थंड करायचा नाद सोडला आणि मुळात फारसं तापणारच नाही असं यंत्र बनवलं. वीज कमी खाणारं, एसीशिवाय चालणारं आणि १२८ जोडण्या सांभाळणारं.

आत काय चालायचं ते कळलं की थक्क व्हायला होतं. फोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि दर वेळी त्याचा एक आकडा होतो. एका मोजणीपासून दुसरीपर्यंत सेकंदाचा आठ हजारावा भाग जातो. तेवढ्यात हे यंत्र सगळ्या जोडण्यांवरून फिरून येतं, ज्याचा आकडा त्याच्याकडे पोचवतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. ही धावपळ बाहेर कुणाला जाणवतही नाही. पलीकडून ‘हॅलो, कोण?’ एवढंच ऐकू येतं.

मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. घरोघरी फोन पोचण्याच्या कितीतरी आधी त्यांनी अख्ख्या गल्लीला फोन दिला. रात्री दर उतरले की रांग लागायची, मीटरच्या आकड्यावर एक डोळा ठेवून माणसं मुलाबाळांशी बोलायची. फोन किती आहेत यापेक्षा तो किती जणांच्या हाताशी आहे, हा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

आता इंटरनेटसाठी सरकारची भारतनेट योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची आहे. फायबर कार्यालयात पोचलं, की मी पहिल्यांदा त्या खोलीतली बॅटरी बघेन. दुपारी लाइट गेली तर ती किती तास टिकते? आणि खोलीला कुलूप लागलं, तर किल्ली कुणाकडे असते?